आधी प्रजाती पटवा, मग फवारणीचं बोला

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या अंकात शहराच्या पानावर 'इमारतीत विषारी काळ्या माश्यांचा सुळसुळाट' अशी बातमी छायाचित्रासह आली. ते छायाचित्र पाहिलं आणि हे पत्र लिहायला घेतलं. त्या माश्या विषारी नाहीत, माणसाला डसत नाहीत आणि त्या इमारतीत आल्या आहेत त्या झुरळांच्या मागावर. छायाचित्रातला कीटक इव्हानिडी कुलातला आहे आणि बहुधा इव्हानिया प्रजातीतला (जवळच्या जातींचा गट म्हणजे प्रजाती, आणि जवळच्या प्रजातींचा गट म्हणजे कुल). बातमीत मात्र एक रहिवासी त्याला गांधीलमाशीची नवी जात म्हणतो, दुसरा परदेशातून आलेली माशी म्हणतो, आणि शेवटच्या ओळीत सोसायटीने तातडीने फवारणी करून घेतल्याचं लिहिलं आहे. नाव पटण्याआधी फवारणी झाली. माझी तक्रार ह्या क्रमाबद्दल आहे.

मी एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होते. कीटकांच्या पेट्या माझ्या ताब्यात असत. पावसाळ्याच्या तोंडावर डांबरगोळ्या बदलायच्या, बुरशी धरलेले नमुने वेगळे काढायचे, पुसट झालेल्या चिठ्ठ्या नव्याने लिहायच्या, प्रॅक्टिकलला मुलांच्या हातून तुटलेले पाय-पंख चिकटवायचे, हे माझं रोजचं काम. राहायला लालबागला. आधी चाळीत, आता त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये. ही माशी मी चाळीच्या मोरीत पाहिली आहे आणि आता अकराव्या मजल्यावरच्या जिन्यातही पाहते. मुंबईत ज्याच्या घराला मोरी, डक्ट किंवा जुना माळा आहे, त्याने तिला कधी ना कधी खिडकीच्या काचेवर पाहिलेलं असणार.

ती ओळखायची कशी हे आधी सांगते, कारण हे काम घरबसल्या होण्यासारखं आहे. लांबी पाच ते सात मिलिमीटर, अंग पूर्ण काळं, डोळे जिवंतपणी निळसर. मिशा लांब आणि सरळ, मुंगीच्या मिशीला असतो तसा कोपरा त्यांना नाही. पाय लांब, त्यातले मागचे फारच लांब. पण खरी खूण आहे पोट. गांधीलमाशीचं पोट छातीच्या मागच्या टोकाला, कमरेच्या जागी जोडलेलं असतं. हिचं पोट छातीच्या पाठीवर उंच जागी, पंखांच्या बुडाच्या जरा मागे, एका बारीक नळीने अडकवलेलं असतं. ते इतकं लहान असतं की एवढ्या धडाला हे पुरतं कसं असं वाटावं. आणि ते दोन्ही बाजूंनी चपटं असतं. वरून पाहिलं तर नुसती काळी रेघ दिसते, बाजूने पाहिलं तर त्याचा आकार कळतो. माशी काचेवर चालायला लागली की ते पोट मंडपाच्या दोरीवरच्या पताकेसारखं सारखं वरखाली हलतं. ह्याच सवयीवरून जगभर तिला निशाणवाली माशी म्हणतात. मादीचं पोट त्रिकोणी असतं, नराचं लांबट गोल. एवढं दिसलं की कुल पटलं. इव्हानिडीखेरीज दुसऱ्या कोणाचं हे ध्यान नाही.

गफलत होते ती दुसऱ्या कीटकांशी. बाल्कनीत ओल्या कचऱ्याचा डबा ठेवणाऱ्यांकडे हल्ली एक काळी, लांबट, लांब मिशांची माशी दिसते. ती ब्लॅक सोल्जर माशी. तिला पंखांची एकच जोडी असते, इव्हानियाला दोन. कढीलिंब आणि लिंबाच्या कुंड्यांवर फुलपाखरांचे कोश असतात, त्यातून कधी फुलपाखराऐवजी काळी-पिवळी, मागच्या मांड्या फुगलेली छोटी माशी निघते. ती ब्रॅकिमेरिया. हिरवी-निळी चकाकणारी, झुरळाला मिशीने ओढत नेणारी अँप्युलेक्स तर कोणाच्याही लक्षात राहावी अशी. तीही झुरळांवरच जगते, पण मोठ्या झुरळाला डंख मारून त्याला बधिर करते आणि बिळात नेऊन त्यावर अंडं घालते. ह्या तिन्हींची नावं मी व्हॉट्सऍपवर एकाच फोटोखाली वाचली आहेत.

गॅस्टरुप्शियन ही जरा अवघड, कारण तिचंही पोट छातीच्या वरच्या बाजूला जोडलेलं. ती आणि इव्हानिया एकाच महाकुलातल्या. पण तिचं पोट लांब आणि सडसडीत, मान लांबुडकी, आणि मादीच्या मागे बहुधा लांब अंडनलिका लोंबते. ती एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांच्या बिळांपाशी घुटमळते. झुरळांशी तिचं काही देणंघेणं नाही.

वर मी 'बहुधा' लिहिलं, त्याचं कारण असं. इव्हानिडी कुलात वीसच्या आसपास प्रजाती आहेत आणि चारशेहून जास्त जाती. कुल डोळ्यांनी पटतं, प्रजातीला भिंग लागतं. पहिली गोष्ट पंखाच्या शिरा. काही प्रजातींच्या पुढच्या पंखावर शिरा इतक्या कमी असतात की बंद कप्पे मोजून एक-दोन भरतात. इव्हानियाच्या पंखावर शिरांचं जाळं बऱ्यापैकी पुरं असतं. म्हणजे पंख पाहून आपण अर्ध्या प्रजाती बाजूला काढतो. पण पुरं जाळं असलेल्याही अनेक आहेत. प्रोसेव्हानिया आणि सेपलिगेटेला ह्या त्यातल्याच, त्याही झुरळांच्या अंड्यांवर वाढतात आणि त्यांच्यातल्या काही जाती इव्हानियासारख्याच जगभर पसरल्या आहेत. इथून पुढे माशी उलटी करावी लागते. छातीच्या तळाशी, मागच्या पायांच्या बुडांजवळ एक दुफाटी काटा असतो. त्याच्या दोन शाखा कशा फाकल्या आहेत, मधल्या आणि मागच्या पायांच्या बुडांमध्ये किती अंतर आहे, चेहरा गुळगुळीत आहे की खड्ड्याखड्ड्यांचा, हे सगळं पाहून मग नाव ठरतं. आपल्या छायाचित्रात माशी वरून टिपली आहे. त्यात पंखही धड दिसत नाहीत, मग पायांच्या बुडांचं काय बोलावं?

मोबाइलमधलं ऍप अशा फोटोवर पटकन 'इव्हानिया अपेंडिगॅस्टर' असं जातीपर्यंतचं नाव सांगून मोकळं होतं. बऱ्याचदा ते बरोबर निघेलही, कारण घरात दिसणारी सर्वांत नेहमीची जात तीच. पण नाव बरोबर निघणं आणि पटवलेलं असणं ह्यात फरक आहे. आमच्या पेट्यांमध्ये 'इव्हानिया एसपी.' एवढंच लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या. म्हणजे प्रजाती पटली आहे, जात पटलेली नाही. नवीन मुलांना ती चिठ्ठी अपुरी वाटायची, जात शोधून लिहू का म्हणून विचारायची. मी त्यांना सांगत असे की तिथे थांबणाऱ्या माणसाने थांबण्याची जागा बरोबर निवडली आहे. वर्तमानपत्रानेही फोटोवरून कुलापर्यंत किंवा प्रजातीपर्यंत जावं आणि तिथे थांबावं, त्यात काही कमीपणा नाही.

शास्त्रज्ञांनासुद्धा ही नावं एका फटक्यात सापडलेली नाहीत. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये ह्या माशीला इक्न्यूमॉन ह्या प्रजातीत टाकलं होतं. त्या काळी त्या एका नावाखाली असंख्य परजीवी माश्या कोंबलेल्या होत्या. त्याच वर्षी, त्याच ग्रंथात त्याने आपल्या मोरीतल्या लाल-तपकिरी मोठ्या झुरळालाही नाव दिलं. भक्ष्य आणि भक्षक एकाच पुस्तकात नोंदले गेले, त्यांचं एकमेकांशी नातं मात्र तिथे कुठे नव्हतं. 1775 मध्ये लिनियसचाच विद्यार्थी फॅब्रिशियस ह्याने इव्हानिया ही प्रजाती वेगळी केली. मग शंभर-सव्वाशे वर्षं पताकेसारखं पोट दिसलं की बहुतेक वेळा इव्हानिया असंच चाललं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रॅडली, कीफर अशा कीटकशास्त्रज्ञांनी तिच्यातून अनेक प्रजाती वेगळ्या काढल्या. कीफर हे धर्मगुरू होते, आणि त्यांचा ह्या संपूर्ण कुलावरचा ग्रंथ 1912 मध्ये आला. सेरिसिया नावाची जात आधी इव्हानिया म्हणून नोंदलेली होती, ती पुढे सेपलिगेटेलात गेली. डीन्स आणि ह्यूबेन ह्यांनी प्रजाती ओळखण्याची नवी किल्ली, म्हणजे एकेक खूण पाहत नावापर्यंत नेणारी यादी, 2003 मध्ये दिली आणि डीन्स ह्यांची जगभरातल्या सगळ्या जातींची सूची 2005 मध्ये आली. त्यामुळे जुन्या पुस्तकात 'इव्हानिया' वाचलं तर आज ती कुठल्या घरात आहे हे तपासावं लागतं.

आता ती करते काय. झुरळाची मादी अंडी सुटी टाकत नाही, एका टणक तपकिरी-काळ्या डबीत बंद करून टाकते. मोठ्या झुरळाची डबी सुमारे आठ मिलिमीटर लांब, आत दोन रांगांत चौदा-सोळा अंडी, आणि वरच्या कडेला दातेरी शिवण. ही डबी मादी फटीत, पुठ्ठ्यात, माळ्यावरच्या सामानात चिकटवून निघून जाते. लालबागकरांना ती कुठे पाहायची हे वेगळं सांगायला नको. गणपतीच्या आधी मखराचे खोके माळ्यावरून काढले की घड्यांमध्ये ह्या डब्या सापडतात. इव्हानियाची मादी अशी डबी मिशांनी चाचपून शोधते, तिच्या कवचातून अंडनलिका आत घालते आणि झुरळाच्या एका अंड्यात आपलं एक अंडं ठेवते. त्यातून निघालेली अळी आधी ते अंडं खाते, मग शेजारचं, मग पुढचं, अशी सगळी डबी फस्त करते. आतच कोश, आणि हवामान पाहून दीड-दोन महिन्यांनी एका डबीतून एक माशी. एक अळी इतकी अंडी खाते म्हणून काही शास्त्रज्ञ तिला परजीवी म्हणण्यापेक्षा अंड्यांची शिकारी म्हणणं पसंत करतात. मला दोन्ही म्हणणी पटतात. डबीच्या बाहेरून पाहणाऱ्याला ती परजीवी, आत पाहणाऱ्याला शिकारी.

रिकामी डबी सापडली तर फेकण्याआधी उजेडात धरून पाहा. शिवण उकललेली असेल तर आतून झुरळाची पिल्लं निघून गेली. शिवण शाबूत आणि कवचाला एक मोठं गोल, कुरतडलेलं भोक असेल तर तिथून इव्हानिया किंवा तिची बहीण प्रजाती बाहेर पडली. भोक टाचणीच्या टोकाएवढं बारीक असेल तर तो अप्रोस्टोसेटस हॅगेनोवी, दोन मिलिमीटरही न भरणारी माशी, जी एका डबीतून डझनांनी निघते. तिचं कुल वेगळं, ओळखायच्या खुणा वेगळ्या, आणि तीही झुरळाचीच वैरी. माशी हाती न लागताही नुसत्या रिकाम्या कवचावरून घरात कोणाचं राज्य चालू आहे हे कळतं. माळा साफ करताना गोल भोकांच्या डब्या जास्त निघाल्या तर मला मनापासून आनंद होतो.

फवारणीला माझा विरोध का, तेही ह्याच डबीवरून समजेल. डक्टमध्ये आणि गटाराच्या झाकणांवर मारलेल्या औषधाने चालती झुरळं मरतात. त्याच भिंतीवर बसणाऱ्या ह्या माश्याही मरतात. डबीच्या कवचाआड मात्र ते औषध फारसं पोचत नाही. म्हणून महिना-दीड महिन्याने डब्या उकलतात, पिल्लं बाहेर येतात, आणि त्यांच्या पुढच्या डब्या फोडायला माशी उरलेली नसते. मग सोसायटी पुन्हा फवारणीवाल्याला बोलावते. आमच्या इमारतीत असंच चाललं होतं. कंत्राटदाराला मी डबी दाखवली तर त्याने ती बूटाखाली चिरडली आणि म्हणाला, काकी, ही तर कचऱ्यातली बी आहे. त्याला दोष देत नाही, त्याला कोणी दाखवलंच नव्हतं. पण दर तीन महिन्यांनी आमच्या देखभाल खर्चात ती रक्कम लागत होती.

हेही स्पष्ट लिहायला हवं की इव्हानिया आली म्हणून झाडू-पोछा सोडून चालणार नाही. ओट्याखालची छोटी, पिवळसर, मानेवर दोन काळे पट्टे असलेली झुरळं तिच्या आवाक्याबाहेर आहेत. त्यांची मादी अंड्यांची डबी पिल्लं निघायच्या वेळेपर्यंत स्वतःच्या मागे धरून फिरते, त्यामुळे ती बेवारस पडलेली ह्या माशीला मिळत नाही. तिथे झुरळं मारायचं जेलच लागतं, आणि जेल ठिपक्या-ठिपक्यांनी लावलं तर माशीला त्याचा त्रासही नाही. मोठ्या झुरळांसाठी मोरीच्या जाळ्या, डक्टमधल्या पाइपांभोवतीच्या फटी बुजवणं आणि माळ्यावरचे ओलसर पुठ्ठे कमी करणं हा उपाय. झुरळांमुळे दमा आणि ऍलर्जी बळावते, त्यामुळे झुरळं राहू द्या असं मी कोणालाच सांगणार नाही. माझं सांगणं एवढंच, की काचेवर पताका हलवणारी काळी माशी दिसली तर ती घरात झुरळांच्या डब्या असल्याची खबर आहे. त्या शोधायच्या. खबर देणारीला मारून डब्या सापडत नाहीत.

शाळांना हे शिकवायला खर्च नाही. रुंद तोंडाची काचेची बाटली, तोंडाला जुन्या मलमलीचा तुकडा आणि रबर. न उकललेल्या डब्या मुलांनी चिमट्याने उचलून आत टाकायच्या आणि वर्गाच्या कपाटात सावलीत ठेवायच्या. चिठ्ठीवर जागा, तारीख आणि डबी कशात सापडली ते लिहायचं. चिठ्ठी नसलेला नमुना कितीही सुंदर असला तरी अभ्यासाला निरुपयोगी, हे मी पेट्यांच्या पेट्या बाद होताना पाहून शिकले. झुरळाची पिल्लं निघाली तर बाटली न उघडता फ्रीझरमध्ये. माशी निघाली तर ती स्पिरिटमध्ये, आणि मग भिंगाखाली पंखाचे कप्पे मोजायचे. पाचवीचं पोरही शिरा मोजू शकतं. पायांच्या बुडांशी आलं की ते काम जाणकाराकडे द्यायचं.

जाणकार मुंबईत आहेत. फोर्टात हॉर्नबिल हाऊसमध्ये 1883 मध्ये स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. आपल्या बातमीदाराने एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात फोटो दाखवला असता तरी पाच मिनिटांत 'इव्हानिडी, डसत नाही' एवढं उत्तर मिळालं असतं. पण बिबट्या दिसला की वनखात्याला फोन जातो आणि कीटक दिसला की फवारणीवाल्याला, अशी आपल्याकडे रीतच पडली आहे. आणि हेही आहे की भिंगाखाली पायांची बुडं पाहून प्रजाती सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत. आमच्या विभागात ते काम येणारे सर निवृत्त झाले तेव्हा ती जागा दुसऱ्या विषयाला गेली. पेट्या कपाटात राहिल्या, त्या वाचणारं कोणी राहिलं नाही. वर्गीकरण हा विषय अभ्यासक्रमात पानभर उरला तर उद्या फोटो पाठवायला पत्ताही उरणार नाही, आणि ह्याबद्दल आपल्या दैनिकाने विद्यापीठाला प्रश्न विचारावेत अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तूर्त एवढं करावं. बातमी ज्या पानावर आली त्याच पानावर, तेवढ्याच जागेत, खुलासा द्यावा. सोबत माशीचं बाजूने काढलेलं छायाचित्र असावं, ज्यात पोट छातीवर कुठे जोडलं आहे ते दिसेल. त्याखाली पुढील ओळी छापाव्यात, त्यातला प्रत्येक शब्द मी तपासून लिहिला आहे:

'छायाचित्रातील कीटक इव्हानिडी कुलातील, बहुधा इव्हानिया प्रजातीतील आहे. तो माणसाला डसत नाही. त्याची अळी झुरळाच्या अंड्यांवर वाढते. असे कीटक घरात वारंवार दिसल्यास मोरी, डक्ट आणि माळा येथे झुरळांच्या अंड्यांच्या डब्या शोधाव्यात. या कीटकासाठी फवारणी करू नये.'

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
लालबाग, मुंबई